सहा नंबर : कॅल रिपकनला शॉर्टस्टॉपला उभं केलं त्याचं प्रकरण

१ जुलै १९८२, बाल्टिमोरचं मेमोरियल स्टेडियम. ओरिओल्स टीममधला एकवीस वर्षांचा पोरगा मॅचच्या आधी लाइनअपचा कागद बघतो आणि त्याला वाटतं की मॅनेजरची लिहिताना चूक झालीय. बेसबॉलमध्ये प्रत्येक जागेला नंबर असतो, पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५ आणि शॉर्टस्टॉप ६. हा पोरगा थर्डला खेळणारा, म्हणजे नावापुढे ५ पाहिजे, आणि कागदावर आहे ६. त्याला खरंच वाटलं की आकडा चुकलाय.

आकडा चुकला नव्हता. मॅनेजर अर्ल वीव्हरने विचार करूनच लिहिला होता, आणि तो पोरगा, कॅल रिपकन ज्युनियर, त्यानंतर चौदा वर्षं त्याच जागेवर उभा राहिला.

रिपकनचं नाव काढलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, २,६३२ सलग मॅचेस, एकही दिवस सुट्टी नाही, लू गेरिगचा विक्रम मोडला वगैरे. तो विक्रम मोठाच आहे, त्याबद्दल वादच नाही. पण मला कायम वाटत आलंय की त्या आकड्याच्या गर्दीत खरं प्रकरण झाकलं गेलं. सहा फूट चार इंचाच्या धिप्पाड माणसाला शॉर्टस्टॉपला उभं करायचं हे त्या काळात कुणाला पटण्यासारखं नव्हतं, आणि त्याने ते नुसतं निभावलं नाही तर त्या जागेकडे बघायची लोकांची नजरच बदलली. म्हणून इथे मी तेवढंच प्रकरण घेतोय, तो एक निर्णय, तो का घेतला, त्यात धोका काय होता आणि त्याने तो कसा पेलला.

मी शाळेत सॉफ्टबॉल खेळायचो आणि शॉर्टलाच उभा राहायचो, त्यामुळे ही जागा मला जवळची आहे. आपल्याकडे शाळेच्या टीमा निवडताना सरांचं गणित साधं असायचं, उंच पोरगा फर्स्ट बेसला, कारण त्याचे हातपाय लांब, लांबून आलेला थ्रो ताणून पकडतो, आणि बुटका चपळ पोरगा शॉर्टला. मी बुटका होतो, म्हणून शॉर्ट. यात कुणी कधी प्रश्न विचारला नाही. अमेरिकेतही त्या वेळी कमीअधिक तसंच चालायचं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण त्याशिवाय त्या ६ आकड्याचं वजन कळणार नाही. सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे जी जागा पडते तिथे शॉर्टस्टॉप उभा असतो. त्याला स्वतःचा बेस नाही, सांभाळायला फक्त मोकळी जागा. बहुतेक बॅटर उजव्या हाताने खेळणारे, त्यांनी बॉल ओढून मारला की तो जमिनीवरून घसटत याच बाजूला येतो, म्हणून सगळ्यात जास्त काम इथेच पडतं. आपल्या क्रिकेटमध्ये कव्हरच्या फील्डरकडून बॉल निसटला तर एक रन जातो आणि खेळ पुढे सुरू. इथे तसं नाही. बॅटरने बॉल मारला की तो फर्स्ट बेसकडे पळत सुटतो, अंतर ९० फूट, आणि चांगला पळणारा माणूस ते साधारण सव्वाचार सेकंदात कापतो. तेवढ्यात शॉर्टस्टॉपने बॉलपर्यंत पोचायचं, वाकून उचलायचा, ग्लोव्हमधून हातात घ्यायचा आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फर्स्ट बेसवर बरोबर छातीशी मारायचा. बॉल ग्लोव्हमध्ये जरा अडकला, पाय चुकीचा पडला की माणूस सेफ. सॉफ्टबॉलमध्ये बेसचं अंतर ६० फूट असतं, तिथेसुद्धा माझी धांदल व्हायची. नंतर एकदा बेसबॉलच्या पूर्ण मापाच्या मैदानावर थर्डच्या बाजूच्या खोल कोपऱ्यात उभा राहून फर्स्टकडे फेकून बघितलं, बॉल दोन टप्पे खाऊन पोचला, आणि त्या दिवशी मला नीट कळलं की ही माणसं रोज काय करतात.

आता ओरिओल्सची परिस्थिती बघा. या टीमला शॉर्टस्टॉप म्हणजे काय हे दाखवणारी माणसं आधी होऊन गेली होती. साठच्या दशकात लुईस अपारिसिओ, पाच फूट नऊ इंच, वाऱ्यासारखा. त्याच्यानंतर मार्क बेलँजर, काठीसारखा सडपातळ, हात रेशमासारखे मऊ, आठ गोल्ड ग्लोव्ह (वर्षातल्या सगळ्यात चांगल्या फील्डरचं बक्षीस) मिळवलेला. बेलँजरची बॅटिंग मात्र अगदीच कमजोर, अठरा सीझनमध्ये मिळून २० होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखा, भिंतीपलीकडे मारलेला बॉल) आणि करिअरची सरासरी .२२८, म्हणजे हजार वेळा मारायला आला तर २२८ वेळा बॉल मारून बेसवर सुखरूप पोचला (त्याला हिट म्हणतात). कुणाचीही तक्रार नव्हती, कारण तेव्हाचा हिशोबच तसा होता की शॉर्टस्टॉपने फील्डिंग करावी, रन काढायचं काम बाकीच्या आठांनी बघावं. त्याच १९८२ साली सेंट लुईसमध्ये ऑझी स्मिथ आला, मैदानावर कोलांटउड्या मारणारा, तेरा गोल्ड ग्लोव्हवाला, कदाचित इतिहासातला सगळ्यात भारी फील्डर. त्याच्या अख्ख्या करिअरचे होमरन २८. हा आकडा लक्षात ठेवा.

बेलँजर १९८१ नंतर टीममधून गेला. जागा रिकामी. लेन सकाटा आणि बॉब बॉनर यांच्यावर काम चालू होतं.

आणि दुसरीकडे हा रिपकन. घरच बेसबॉलचं. वडील कॅल रिपकन सीनियर ओरिओल्सच्याच छोट्या लीगच्या टीमा सांभाळायचे, गावोगाव फिरायचे, पोरगा त्यांच्याबरोबर मैदानावर, मोठ्या खेळाडूंच्या मागे बॉल गोळा करत, प्रश्न विचारत वाढला. मूळ गाव मेरीलँडमधलं अॅबरडीन, म्हणजे बाल्टिमोरपासून फार लांब नाही, अगदी घरचा पोरगा. वडिलांची शिस्त कडक होती, नुसती प्रॅक्टिस करून उपयोग नाही, बरोबर प्रॅक्टिस केली तरच हात बरोबर बसतो, असं ते सांगायचे. १९७८ साली ओरिओल्सने त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं तेव्हा याला पिचर करायचं की बॅटर यावरच चर्चा होती, कारण शाळेत तो जबरदस्त पिचिंग करायचा. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे, त्याच्या हातात पिचरची ताकद होती.

छोट्या लीगमधून वर येता येता तो बराचसा थर्डला खेळू लागला. १९८१ मध्ये पॉटकेट आणि रॉचेस्टर यांच्यात जी ३३ इनिंगची मॅच झाली, प्रोफेशनल बेसबॉलमधली सगळ्यात लांब, त्यात हा रॉचेस्टरकडून थर्ड बेसला पूर्ण वेळ उभा होता. (समोरच्या टीमच्या थर्डला वेड बॉग्ज, तोही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला.) कंपू सगळा एकाच मताचा, एवढा मोठा पोरगा, हात दणकट, हा थर्ड बेसमनच. १९८२ च्या जानेवारीत टीमने जागा करून देण्यासाठी आपला नेहमीचा थर्ड बेसमन डग डिसिन्सेस याला ट्रेड करून टाकलं, आता थर्ड रिपकनचं. म्हणजे एका चांगल्या खेळाडूला घालवून केलेली जागा होती ती, आणि वीव्हरने सहा महिन्यांत त्याच जागेवरून त्याला उचललं.

त्या सीझनची सुरुवात पण नीट बघितली पाहिजे. पहिल्याच मॅचला होमरन, सगळे खूश. आणि मग बॅट एकदम गप्प. मे महिना लागला तेव्हा सरासरी .११७. एवढ्यावर कितीतरी पोरांना परत छोट्या लीगमध्ये पाठवतात. वीव्हरने त्याला पाठवलं नाही, खेळवत राहिला. मेच्या शेवटी एका डबलहेडरच्या (एकाच दिवशी दोन मॅचेस) दुसऱ्या मॅचला बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी, ३० मेला, परत घेतलं. त्या दिवसापासून ती प्रसिद्ध मालिका सुरू झाली, अर्थात तेव्हा कुणाला काही कल्पना नव्हती.

तर जूनच्या शेवटी वीव्हरपुढे असं चित्र होतं. शॉर्टला फील्डिंग चालू आहे पण बॅटमधून काही येत नाही. थर्डला एक पोरगा आहे ज्याची बॅट आता बोलू लागलीय. ऑफिसातल्या मोठ्या लोकांचं म्हणणं पोरगा थर्डलाच राहू दे, नुकता कुठे स्थिरावतोय, त्याला हलवलं आणि बॅटिंग परत गेली तर? हा धोका खोटा नव्हता. नवीन खेळाडूला सगळ्यात अवघड जागेवर टाकायचं, तेही सीझनच्या मधे, तेही मिलवॉकीबरोबर टायटलची शर्यत चालू असताना.

वीव्हरचा हिशोब वेगळा होता, आणि मला तो विचार करण्याची पद्धत म्हणून फार आवडतो. थर्डला मारणारा माणूस शोधणं तुलनेने सोपं, बाजारात मिळतात. शॉर्टला मारणारा माणूस जवळपास कुठेच मिळत नाही. म्हणजे तोच बॅटर, तेच होमरन, पण ते शॉर्टच्या जागेवरून आले तर टीमला दुप्पट फायदा, कारण थर्डला तुम्ही आणखी एक मारणारा घेऊ शकता. आणि जमलं नाही तर? परत थर्डला. तिथून शॉर्टला नेणं अवघड, शॉर्टवरून थर्डला आणणं सोपं. नुकसान झालं तर थोडं, फायदा झाला तर खूप. वीव्हर स्वतः पाच फूट सात इंचाचा, छोट्या लीगमध्ये सेकंड बेसला आयुष्य घालवलेला, मोठ्या लीगमध्ये खेळाडू म्हणून कधी पोचलाच नाही, आणि कुठल्या बॅटरचं कुठल्या पिचरसमोर काय होतं याची कार्डं बाळगणारा माणूस. उंचीवरून माणूस जोखायचा नाही हे त्याला बहुतेक आतून माहीत असावं.

रिपकनला त्याने जे सांगितलं ते अगदी साधं होतं. बॉल आला की आधी तो पकड. मग हातात नीट धर. मग फर्स्टला चांगला थ्रो कर. माणूस आउट झाला तर उत्तम, नाही झाला तरी तो फक्त फर्स्टवरच आहे. बस. बेलँजर हो असं नाही सांगितलं, अशक्य बॉल अडव असंही नाही. ज्याने कधी दडपणाखाली फील्डिंग केलीय त्याला या वाक्यांची किंमत कळेल, कारण नवीन जागेवर चुका होतात त्या घाईतून, नसलेला आउट काढायला जाऊन बॉल मैदानाबाहेर फेकून दिला जातो आणि एका बेसचे दोन-तीन बेस होतात.

आता खरी गंमत पुढे आहे, त्याने हे जमवलं कसं. पळण्यात तो ऑझी स्मिथच्या जवळपास पण नव्हता. पहिलं पाऊल टाकायला मोठ्या शरीराला वेळ लागतो, खाली वाकायला वेळ लागतो, हे काही प्रॅक्टिसने जात नाही. मग त्याने काय केलं, तर बॉल मारला जायच्या आधीच पळून घेतलं. म्हणजे असं की त्या काळी कॅचर पिचरला बोटांनी खूण करायचा की आता फास्ट टाक किंवा कर्व्ह टाक, आत टाक की बाहेर, आणि शॉर्टस्टॉपला उभ्या जागेवरून ती खूण दिसायची. रिपकन ती खूण वाचायचा, हा बॅटर या पिचरचा बाहेरचा फास्ट बॉल कुठे मारतो हे त्याच्या डोक्यात असायचं, आणि पिचरचा हात फिरता फिरता तो एखाद पाऊल डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकलेला असायचा. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटायचं बॉल नेहमी याच्याच हातात कसा जातो, सोप्पाच तर आहे. ऑझी स्मिथ हवेत उडी मारून जो बॉल अडवायचा तिथे हा आधीच जाऊन उभा राहिलेला असायचा, म्हणून टाळ्या त्याला मिळायच्या आणि याच्या नावावर नुसता आउट लागायचा.

दुसरी गोष्ट हात. पिचरचा हात असल्यामुळे तो इतरांपेक्षा मागे, जवळजवळ आउटफील्डच्या गवताला टेकून उभा राहू शकायचा. मागे उभं राहिलं की बॉल पोचायला क्षणभर जास्त लागतो, म्हणजे तुम्हाला दोन्ही बाजूंना जास्त जागा मिळते, पण थ्रो लांबतो. साध्या हाताचा माणूस तिथून फेकेल तर बॅटर आरामात पोचेल. याचा थ्रो पोचायचा. म्हणजे पायाची उणीव त्याने हाताने आणि डोक्याने भरून काढली, आणि उंचीचा उलट फायदा झाला, कारण डोक्यावरून जाणारे लाइन ड्राइव्ह, म्हणजे सरळ रेषेत सुटलेले जोरदार फटके, याच्या ग्लोव्हमध्ये यायचे आणि डबल प्लेच्या (एकाच बॉलवर दोन आउट) वेळी अंगावर घसरत येणारा रनर याला सहज पाडू शकायचा नाही.

मैदानावर दिसणारी आणखी एक छोटी गोष्ट सांगतो. फर्स्टवर रनर असला आणि तो चोरायला पळाला तर सेकंड बेस कोणी झाकायचा, शॉर्टने की सेकंड बेसमनने, हे प्रत्येक बॉलला ठरवावं लागतं, आणि समोरच्याला कळू द्यायचं नसतं. त्यासाठी ग्लोव्ह तोंडापुढे धरून खूण करतात, तोंड बंद म्हणजे मी जातो, तोंड उघडं म्हणजे तू जा. १९८७ पासून रिपकनच्या शेजारी सेकंडला त्याचा धाकटा भाऊ बिली उभा राहायला लागला आणि टीमचे मॅनेजर होते वडील, दोन मुलं एकाच टीममध्ये आणि वडील मॅनेजर असं मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदाच घडलं. ग्लोव्हच्या आड तोंड उघडून-मिटून एकमेकांशी बोलणारे हे दोघे भाऊ, आणि डगआउटमध्ये (टीम बसते ती जागा) बाप. मला हे चित्र फार आवडतं.

निकालाकडे या. १९८२ च्या त्या सीझनमध्ये त्याने २८ होमरन मारले. ऑझी स्मिथच्या एकोणीस वर्षांच्या करिअरइतके, एका सीझनमध्ये, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त सीझन शॉर्टला. रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सगळ्यात चांगला नवा खेळाडू झाला. ओरिओल्स शेवटच्या दिवशी मिलवॉकीकडून हरले, टायटल गेलं, वीव्हर निवृत्त झाला. पुढच्या वर्षी जो अल्टोबेली मॅनेजर आला, त्याने त्याला शॉर्टवरून हलवलं नाही, आणि १९८३ मध्ये रिपकनने .३१८ ची सरासरी, २११ हिट, २७ होमरन, १०२ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे टीमला मिळालेले रन) असा सीझन काढून लीगचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात मोलाच्या खेळाडूचा मान मिळवला. फिलाडेल्फियाविरुद्ध वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकली तेव्हा शेवटचा आउट गॅरी मॅडॉक्सचा लाइन ड्राइव्ह, आणि तो गेला सरळ शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हमध्ये.

पण टीका करणारे म्हणतील की बॅट आहे हो, फील्डिंगचं काय. तर १९८४ मध्ये त्याने ५८३ असिस्ट केले, अमेरिकन लीगमध्ये शॉर्टस्टॉपचा विक्रम. असिस्ट म्हणजे तुमच्या थ्रोवर पडलेले आउट, म्हणजे बॉलपर्यंत पोचल्याचा पुरावाच. एकूण सात सीझन तो लीगमधल्या शॉर्टस्टॉपांत असिस्टमध्ये पहिला होता. १९९० मध्ये १६१ मॅचेस खेळून त्याच्या हातून चुका झाल्या फक्त ३. अख्ख्या सीझनमध्ये तीन! मधल्या ९५ सलग मॅचेसमध्ये एकही नाही. आणि गंमत नाही तर वाईट गोष्ट म्हणजे त्या वर्षीचा गोल्ड ग्लोव्ह त्याला मिळाला नाही, दुसऱ्यालाच मिळाला. मला अजून ते पटत नाही. उड्या मारणाऱ्याला चांगला म्हणायची सवय लागली की शांतपणे उभं राहून काम करणारा दिसतच नाही. नंतर ९१ आणि ९२ मध्ये मिळाले, पण ९० चा तो सीझन तसाच राहिला.

या प्रकरणाची दुसरी बाजू पण मांडली पाहिजे, नाहीतर हा नुसता कौतुकाचा लेख होईल. रोज शॉर्टला उभं राहण्याची किंमत होती. ५ जून १९८२ पासून तो नुसता प्रत्येक मॅच नाही तर प्रत्येक इनिंग खेळत होता, सलग ८,२४३ इनिंग. ही मालिका तोडली ती वडिलांनी, १४ सप्टेंबर १९८७ ला टोरांटोत, टीम १८-३ ने मार खात होती, समोरच्यांनी दहा होमरन मारले होते, आणि आठव्या इनिंगला सीनियरनी मुलाला बसवलं. पुढच्या एप्रिलमध्ये सहा मॅचेस हरल्यावर वडिलांनाच काढून टाकलं, ती टीम सुरुवातीच्या सलग २१ मॅचेस हरली. त्या काळात रिपकनची बॅटिंग खाली आली होती, ८७ ला .२५२, ८९ ला .२५७, ९० ला .२५०, आणि लोक उघड म्हणायला लागले की हा स्वतःच्या विक्रमासाठी खेळतोय, दमलाय, याला विश्रांती द्या, टीमचं नुकसान होतंय. या म्हणण्यात तथ्य अजिबातच नव्हतं असं मी म्हणणार नाही. मोठं शरीर, रोज शेकडो वेळा वाकणं, प्रवास, हे सगळं बॅटमध्ये उतरतंच. शिवाय दुसऱ्या कुठल्याही पोराला ओरिओल्समध्ये शॉर्टला शिकायची संधी मिळत नव्हती, वर्षानुवर्षं बेंचवर.

पण माझं मत विचाराल तर त्याची फील्डिंगची पद्धतच रोज खेळण्यावर उभी होती. पायावर खेळणारा माणूस दोन दिवस बसून ताजातवाना होऊन येतो, याचं भांडवल होतं माहिती, आज कुठला पिचर काय टाकतोय, समोरचा बॅटर या आठवड्यात कुठे मारतोय. ती बेंचवर बसून तशी मिळत नाही. ज्या गोष्टीला लोक हट्ट म्हणत होते ती त्याच्या कामाची गरज होती असं मला वाटतं, निदान बऱ्याच अंशी. आणि १९९१ मध्ये, एकही मॅच न सोडता, त्याने .३२३, ३४ होमरन, ११४ आरबीआय असं उत्तर दिलं, दुसरा एमव्हीपी घेतला, तोही ९५ मॅचेस हरलेल्या टीममधून.

गेरिगची तुलना करताना एक गोष्ट नेहमी राहून जाते. गेरिग फर्स्ट बेसला खेळायचा. १४ जुलै १९३४ ला त्याची कंबर धरली होती, तेव्हा मालिका तुटू नये म्हणून यांकीजने त्याला लाइनअपमध्ये पहिला आणि शॉर्टस्टॉप म्हणून लिहिलं, तो आला, एक हिट मारली आणि बदली रनर देऊन बाहेर गेला, फील्डिंगला उभाच राहिला नाही. म्हणजे गेरिगच्या नावापुढे ६ आकडा आला तो एक दिवस कागदावर, आणि रिपकनच्या नावापुढे तो सलग २,२१६ मॅचेस राहिला. गेरिगला कमी लेखायचं नाही, त्या माणसाचा शेवट वाचून डोळे भरून येतात. पण दोन्ही मालिका एकाच मापाने मोजू नयेत.

६ सप्टेंबर १९९५ ची ती रात्र, कॅम्डन यार्ड्स, वेअरहाऊसच्या भिंतीवर २१३० चा, म्हणजे गेरिगच्या आकड्याचा, बॅनर उतरून २१३१ झाला, चौथ्या इनिंगला होमरन, बावीस मिनिटं थांबलेला खेळ, मैदानाभोवतीची ती फेरी, हे बहुतेकांनी पाहिलंय, मी त्यात भर घालत नाही. एवढंच सांगतो की आदल्या वर्षीच्या संपामुळे वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती, लोक चिडलेले होते, आणि ते परत मैदानावर यायला ही रात्र खूप उपयोगी पडली.

जुलै १९९६ मध्ये नवीन मॅनेजर डेव्ही जॉन्सनने वीव्हरच्या निर्णयाची उलटी बाजू करून बघितली, रिपकनला थर्डला नेलं आणि मॅनी अलेक्झांडरला शॉर्टला उभं केलं. रिपकन पस्तीस वर्षांचा, पाऊल आखडलेलं, विचार चुकीचा नव्हता. पण अलेक्झांडरची बॅट चालेना, सहा मॅचेसनंतर रिपकन परत शॉर्टला. शेवटी १९९७ ला टीमने माइक बोर्डिकला आणलं आणि रिपकन कायमचा थर्डला गेला. वीव्हरने १९८२ मध्ये जे म्हटलं होतं की परत थर्डला नेता येईलच, ते खरं झालं, फक्त पंधरा वर्षांनी. पाठीच्या मणक्याचं दुखणं घेऊन तो ९७ खेळला, आणि २० सप्टेंबर १९९८ ला, यांकीजविरुद्धच्या मॅचआधी थोडा वेळ, स्वतःच मॅनेजर रे मिलरला जाऊन सांगितलं की आज मी नाही. रायन मायनर नावाचा नवीन पोरगा थर्डला उतरला. यांकीजचे खेळाडू डगआउटच्या पायरीवर येऊन टाळ्या वाजवत होते.

शॉर्टस्टॉप म्हणून ३४५ होमरन, एकूण ४३१, हिट ३,१८४. पण या प्रकरणाचा निकाल मी या आकड्यांत शोधत नाही, तो नंतर आलेल्या पोरांत आहे. १९९६ च्या आसपास अॅलेक्स रॉड्रिग्ज आणि डेरेक जीटर आले, दोघे सहा फूट तीन इंच, दोघे मारणारे, आणि दोघांनाही शॉर्टला उभं करताना कुणाला काही विशेष वाटलं नाही. कोणी म्हणालं नाही की एवढ्या उंच पोराला थर्डला न्या. चौदा वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका अख्ख्या ऑफिसने विचारला होता.

१० जुलै २००१, सिएटल, ऑल-स्टार मॅच. रिपकनचा शेवटचा सीझन, लोकांनी मतं देऊन त्याला थर्डला निवडलेलं, शॉर्टला रॉड्रिग्ज. पहिली इनिंग सुरू व्हायच्या आधी रॉड्रिग्ज शॉर्ट सोडून थर्डकडे चालत आला आणि रिपकनला हाताने ढकलायला लागला, तू तिकडे जा. रिपकनला आधी कळेना, मग तो नको नको म्हणायला लागला, डगआउटकडे बघितलं तर मॅनेजर जो टॉरी पण हाताने खुणावतोय, जा. हे त्या दोघांनी आधीच ठरवलेलं होतं. शेवटी तो गेला, चाळीस वर्षांचा, केस पांढरे झालेला, गवताच्या कडेशी आपल्या जुन्या जागेवर जाऊन उभा राहिला, आणि एक इनिंग सहा नंबरला खेळला. पुढच्या इनिंगला परत थर्डला आला, आणि तिसऱ्या इनिंगला बॅटिंगला येऊन चान हो पार्कचा पहिलाच बॉल त्याने लेफ्ट फील्डच्या भिंतीपलीकडे मारला.